पाऊस लागलेली चेरी आणि इतर प्रश्न

मागच्या अंकात काश्मीरच्या फळांवर दोन पानं होती, त्यानंतर चेरीबद्दल इतके मेसेज आले की या वेळी कुंडीतली मिरची, गांडूळखत, आंब्यावरचे तुडतुडे सगळं बाजूला ठेवतोय आणि फक्त चेरीच घेतोय. चेरी म्हणजे गोड चेरी, शास्त्रीय नाव प्रूनस एव्हियम, मे-जूनमध्ये फळवाल्याकडे पुठ्ठ्याच्या छोट्या बॉक्समधून येते ती. प्रश्न वेगवेगळे दिसतात पण फिरून फिरून सगळे पाण्यापाशीच येतात, त्यामुळे उत्तरं एकमेकांत थोडी घुसतील, चालवून घ्या.

प्रश्न : जूनच्या सुरुवातीला वाशीच्या एपीएमसीतून चेरीचे बॉक्स आणले आणि सोसायटीत वाटून घेतले. वरचा थर एकदम मस्त, खालच्या निम्म्या चेरी देठापाशी चिरलेल्या. फळवाला म्हणाला काश्मिरात पाऊस लागला. झाड पाणी मुळांनी पितं ना? मग वरून पाऊस पडला तर फळ कशाला फुटेल? आपल्याला गंडवतोय का हा? — एक गृहिणी, सानपाडा

उत्तर : चिरलेला माल खालच्या थरात भरणं ही लबाडी आहेच ताई, पण चिरण्याचं कारण मात्र त्याने बरोबर सांगितलं.

चेरीचं फळ सलग एका वेगाने वाढत नाही. फूल गळल्यावर आधी पेशींची संख्या भराभर वाढते, मग फळ बाहेरून जवळजवळ थांबल्यासारखं दिसतं आणि आतली बी कडक होत असते, आणि मग शेवटच्या काही आठवड्यांत ते एकदम फुगतं, रंग चढतो, साखर भरते. गोची इथेच आहे. सालीवर मेणचट असा एक अगदी पातळ थर असतो, क्यूटिकल म्हणतात त्याला, आणि तो थर बनवण्याचं काम फळ शेवटचं फुगायला लागायच्या सुमाराला जवळपास बंद पडतं. म्हणजे आतलं फळ मोठं होत चाललंय आणि वरचा थर आहे तेवढाच, मग तो ताणला जातो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात. हवा कोरडी असली तर या भेगांनी फारसं बिघडत नाही. पण पाऊस पडून फळ तासन्‌तास ओलं राहिलं की पाणी तिथून सरळ आत शिरतं, मुळांचा त्यात काही संबंधच नाही. देठाजवळच्या खळग्यात आणि खालच्या टोकाला थेंब साचून राहतो म्हणून चिरा तिथे जास्त, तुमच्या चेरी देठापाशीच चिरल्या होत्या त्या म्हणूनच.

पूर्वी असं समजायचे की फळ पाणी पिऊन टम्म होतं आणि आतल्या दाबाने फाटतं. ऐकायला पटतं, पण पिकलेल्या चेरीच्या आतला दाब मोजला तेव्हा तो इतका कमी निघाला की त्याने साल फाटणं अवघडच. जर्मनीत हॅनोव्हरच्या विद्यापीठात यावर वर्षानुवर्षं काम झालंय, त्यांचं म्हणणं असं की भेगेतून पाणी गेलं की तिथल्या मोजक्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मॅलिक आम्ल शेजारच्या पेशींवर सांडतं, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं कॅल्शियम निसटतं, शेजारच्याही मग कमजोर पडतात आणि बॅगेची चेन एका टोकाकडून उघडत जावी तशी साल उसवत जाते. म्हणून तर पावसाआधी किंवा पावसात कॅल्शियम क्लोराइड फवारतात, आणि म्हणूनच पाऊस थांबल्याबरोबर फळ वाळवायची सगळी धावपळ असते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात तर चेरीच्या बागांवरून भाड्याची हेलिकॉप्टरं खाली उडवतात, पंख्याच्या वाऱ्याने फांद्यांवरचं पाणी झटकायला! खर्च ऐकून आपल्याला घेरी येईल, पण एका रात्रीच्या पावसात अख्खा हंगाम जायची भीती असली की माणूस काय काय करतो. चिलीत बागांवर प्लास्टिकची छतंच टाकतात. काश्मिरात तोडणी साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालते, शोपियां, गांदरबल, टंगमर्ग ही मोठी चेरीची ठिकाणं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथे दुपारनंतर सरी येतात, कधी गारा पण. छोट्या बागायतदाराकडे ना हेलिकॉप्टर ना छत. आकाशाकडे बघत तोडणी दोन दिवस अलीकडे घेणं एवढंच त्याच्या हातात, आणि लवकर तोडलं तर गोडी कमी म्हणून आपणच नाक मुरडणार.

चिरलेल्या चेरी त्याच दिवशी खाऊन टाका किंवा साखर घालून आटवा, फ्रीजमध्ये ठेवल्या तर चिरेतून बुरशी धरते आणि शेजारच्या चांगल्या चेरींनाही लागते.

प्रश्न : ऑनलाइन "हायब्रिड स्वीट चेरी, कुठल्याही हवामानात फळ" असं बघून रोप मागवलं. घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर बाल्कनीत ठेवलंय, ऊन भरपूर. पानं येतात, जातात. फूल एकही नाही. पाणी कमी पडतंय का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पाण्याचा दोष नाही, ठाण्याचा आहे. गोड चेरीच्या कळ्या हिवाळ्यात झोपतात आणि ठरावीक थंडी खाल्ल्याशिवाय त्या नीट उठतच नाहीत, बऱ्याचशा जातींना शून्य ते सात अंश सेल्सियसमधले ८०० ते १२०० तास लागतात. कॅलिफोर्नियात कमी थंडीवाल्या जाती काढल्यात, रॉयल ली, मिनी रॉयल वगैरे, त्यांनाही दोनेकशे-तीनशे तास हवेतच. आपल्याकडे पारा पंधराच्या खाली सरकला की व्हॉट्सअ‍ॅपवर महाबळेश्वरचे फोटो सुरू होतात, त्या हवेत चेरीच्या खात्यात एक ताससुद्धा जमा होत नाही.

आणि कृपा करून पाणी वाढवू नका. चेरीला तहान एकवेळ सोसते, पण मुळाशी साचलेलं पाणी अजिबात नाही. माती पाण्याने भरली की मुळांना ऑक्सिजन मिळत नाही, हे सगळ्याच झाडांचं, पण पीच, जर्दाळू, चेरी या गोतावळ्यात एक जास्तीची भानगड आहे, यांच्या मुळांत प्रुनासिन नावाचं रसायन असतं आणि ऑक्सिजन तुटला की ते फुटून त्यातून सायनाइड सुटतं, म्हणजे झाड स्वतःच्याच विषाने मरायला लागतं. आपल्याकडे पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर कोसळतो, श्रीनगरला वर्षाचा सगळा मिळून सातशेच्या आसपास, आणि त्यातलाही मोठा वाटा हिवाळ्या-वसंतात, बराचसा बर्फ म्हणून. बाल्कनीतल्या कुंडीची भोकं जुलैत बुजली की संपलं.

हौस असेलच तर सिंगापूर चेरी लावा, ठाण्यात कुठेही वाढते, फळं छोटी आणि गोड, पक्षी वेडे होतात. नात्याने तिचा या चेरीशी काही संबंध नाही, पण "कुठल्याही हवामानात फळ" हे निदान तिच्या बाबतीत आपल्या इथे तरी खरं आहे.

प्रश्न : केकवरची चेरी कुठून येते मग? — आठवीतली वाचक, कळवा

उत्तर : बेकरीतली ती लालभडक गोळी आपल्याकडे बहुतेक वेळा करवंद असते, बी काढून, पाकात मुरवून, रंग देऊन केलेली. पुढच्या मे महिन्यात येऊरच्या बाजूला गेलीस तर काळी पिकलेली करवंदं तशीच खाऊन बघ, मला विचारशील तर पाकातल्यापेक्षा कितीतरी भारी.

प्रश्न : मी बॉटनीत एमएस्सी करतोय. झाड दुपारी पर्णरंध्रं मिटून पाणी वाचवतं हे पुस्तकात आहे, पण तापमान वाढतंय, हवा कोरडी होतेय, तर चेरीचं झाड नेमकं काय काय करतं आणि त्याची किंमत काय मोजतं? — विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : प्रश्न आवडला, विशेषतः किंमतीचा.

पर्णरंध्रं म्हणजे पानांवरची बारीक छिद्रं, ती मिटली की पाणी वाचलं हे खरं, पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, म्हणजे दार लावलं की स्वयंपाकही बंद. मुळांभोवतीची माती सुकायला लागली की अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड हे झाडाचं संप्रेरक वाढतं आणि ते रंध्रांना मिटायला सांगतं. त्याशिवाय हवा फार कोरडी आणि गरम असली तर माती ओली असतानासुद्धा रंध्रं दुपारी आखडतात, कारण पान बाहेर जेवढं सोडतंय तेवढं खालून चढवणं जलवाहिन्यांना झेपत नाही. इथे बऱ्याच जणांची गल्लत होते, ते म्हणतात आम्ही पाणी दिलं की, मग झाड का मलूल? माती ओली असणं वेगळं आणि भर दुपारी दोन वाजता पानापर्यंत पाणी पोचणं वेगळं. उन्हाळे तापत चाललेत त्यात हे दुसरं जास्त छळणार आहे. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढलाय त्यामुळे रंध्रं थोडी मिटूनही भागतं, हा फायदा आहे खरा, पण गरम कोरडी हवा तो फायदा बऱ्यापैकी खाऊन टाकते असं मला वाटतं.

झाडाला तहान किती लागलीय हे मातीला न विचारता झाडालाच विचारायची एक छान पद्धत आहे, तुझ्या डिपार्टमेंटला प्रेशर चेंबर असेल तर करून बघ. खोडाजवळचं एक पान तासभर अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या पिशवीत झाकून ठेवायचं म्हणजे त्याचं बाष्पोत्सर्जन, म्हणजे पानातून पाणी वाफ होऊन जाणं, थांबतं आणि त्याच्यातला ताण खोडातल्या ताणाइतका होतो, मग ते तोडून देठ बाहेर राहील असं चेंबरमध्ये बसवायचं आणि गॅसचा दाब वाढवत न्यायचा, देठाच्या कापल्या टोकाला पाणी चमकलं की तिथला आकडा घ्यायचा, उणे चिन्ह लावून. पाणी पोटभर मिळालेली चेरी दुपारी साधारण उणे ०.७ मेगापास्कलच्या आसपास असते, उणे दीडच्या खाली गेली की समजायचं बाईसाहेब त्रासात आहेत. एक मेगापास्कल म्हणजे जवळपास दहा वातावरणांचा दाब, यावरून कळेल की शांत उभ्या झाडाच्या आत केवढी ओढाताण चाललेली असते. खोडाला डेन्ड्रोमीटर, म्हणजे खोडाची जाडी मोजणारं यंत्र, लावला तर तीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेने दिसते, खोड दिवसा मिलिमीटरच्या काही भागाने आकसतं आणि रात्री परत भरतं, आणि रात्री पुरतं भरेनासं झालं की तो पहिला इशारा.

रंध्रं मिटण्याशिवाय झाडाचा दुसरा उपाय म्हणजे पेशींत विरघळलेले पदार्थ वाढवून पाणी धरून ठेवणं. चेरीच्या कुळात साखर पानांतून बाकीच्या झाडात मुख्यतः सॉर्बिटॉल म्हणून फिरते, आणि पाण्याचा ताण आला की पानात सॉर्बिटॉल साठतो आणि पेशी कोमेजायची थांबते. तेही फुकट नाही, ती साखर फळात गेली असती.

फळ आणि पान यांच्यातलं भांडण तर फारच मजेशीर आहे. कच्चं फळ जलवाहिन्यांनी झाडाशी पक्कं जोडलेलं असतं, त्यामुळे भर दुपारी तहानलेली पानं चक्क फळातलं पाणी परत ओढून घेतात आणि फळ किंचित आकसतं, संध्याकाळी पुन्हा भरतं. पिकत आलं की या जलवाहिन्यांचं काम फळाच्या आत मंदावतं आणि पाणी बहुतेक रसवाहिन्यांतून, साखरेबरोबर येतं. झाडाच्या तहानेपासून फळ थोडं सुटतं. पण कॅल्शियम येतं ते जलवाहिन्यांतूनच, म्हणजे शेवटी जेव्हा साल ताणली जातेय आणि कॅल्शियमची खरी गरज आहे तेव्हाच त्याचा रस्ता बारीक झालेला! वर सानपाड्याच्या ताईंना सांगितलं ते उसवणं इथे येऊन जोडतं. म्हणून कॅल्शियमचं भलं करायचं असेल तर फळ हिरवं असताना पाण्याची आबाळ होऊ देऊ नये, नंतर मुळाशी कितीही खत ओतून काय होणार.

प्रश्न : मिस्टरांचे एक सहकारी मूळचे शोपियांचे, त्यांच्या घरची चेरीची बाग आहे. ते म्हणतात पूर्वीसारखा बर्फ पडत नाही, झरे उन्हाळ्यात लवकर आटतात. आता ठिबक करायचा विचार आहे, जुनी झाडं काढून नवी बुटकी झाडं दाट लावायचाही. आमच्या माहेरी सांगोल्याला डाळिंबं आहेत म्हणून त्यांना वाटलं आम्हाला कळत असेल. किती लिटर पाणी द्यावं? — नेरुळ

उत्तर : नेरुळला बसून शोपियांच्या झाडाचे लिटर सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून लांब राहा, ताई. माती, उतार, झाडाचं वय, खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळांकडचा भाग), सगळ्यावर ते अवलंबून. पण कधी द्यायचं आणि कधी आखडतं घ्यायचं हे सांगता येतं, आणि माझ्या मते चेरीत तेच जास्त महत्त्वाचं. तुम्ही डाळिंबवाल्या घरच्या, बहार धरायला ताण देणं, म्हणजे पाणी तोडणं, तुम्हाला नव्याने सांगायला नको. चेरीत ताण देऊन फुलं आणायची नसतात, फुलं थंडी आणते, पण ताणाची वेळ चुकली की बोंब तितकीच.

बर्फाचं आधी सांगतो. काश्मिरातल्या बऱ्याच बागा करेवावर आहेत, म्हणजे खोऱ्याच्या कडेची उंच सपाट मैदानं, तिथे कालवा पोचत नाही आणि सगळी भिस्त बर्फ-पावसावर. चिल्ला-ए-कलान म्हणतात ते २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस, त्यात पडलेला बर्फ हळूहळू वितळून एप्रिल-मेपर्यंत माती ओली ठेवतो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे स्कीइंगचे उतार कोरडे ठणठणीत होते ते फोटो सगळ्यांनी पाहिले, पर्यटनाची चर्चा झाली, बागांची तेवढी झाली नाही. तेच पाणी बर्फाऐवजी पाऊस म्हणून पडलं तर ते लगेच वाहून जातं, आकडा सारखा दिसतो पण मे महिन्यात माती कोरडी. त्यात फेब्रुवारी उबदार गेला तर झाड लवकर फुलतं आणि मग एखाद्या रात्री पारा घसरतो. पूर्ण उमललेल्या चेरीच्या फुलांना उणे २ अंशांच्या आसपास नुकसान सुरू होतं आणि उणे ४ पर्यंत बहुतेक सगळी जातात. ज्यांच्याकडे सोय आहे ते अशा रात्री तुषार सिंचन चालू ठेवतात, पाणी गोठताना उष्णता सोडतं आणि फूल वाचतं. म्हणजे तहानेच्या वर्षातच थंडीपासून वाचायलाही पाणी हवं.

आता वेळापत्रक. फुलोऱ्यापासून फळ फुगेपर्यंत वाफसा, म्हणजे मातीची ना कोरडी ना चिखल अशी ओल, मोडू द्यायचा नाही, शेवटच्या फुगण्यात ताण बसला तर फळ बारीक राहतं आणि ते नंतर भरून निघत नाही. तोडणी झाली की बहुतेक जण बागेकडे पाठ फिरवतात, फळ गेलं पैसे आले, संपलं! संपत नाही हो, पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या त्याच उन्हाळ्यात घडत असतात. या काळात तापमान तिशीच्या वर राहिलं तर एका फुलात दोन स्त्रीकेसर तयार होतात आणि पुढच्या वर्षी जुळी, चिकटलेली फळं येतात, बाजारात त्यांना कोण घेणार, पाण्याचा कडक ताण त्यात भरच घालतो. पण सगळं पाणी ओतायचंही कारण नाही. स्पेनमध्ये मुर्सियाकडे तोडणीनंतर पाणी बेताने कमी करून बघितलंय, फांद्यांची नुसती वाढ कमी होते, छाटणीचा खर्च वाचतो आणि पुढच्या वर्षीच्या फळाला धक्का लागत नाही, अट एवढीच की ताण हलका हवा आणि वर सांगितलं तसं झाडावर मोजमाप ठेवून द्यायला हवा. त्यांना ते जमतं कारण नळ त्यांच्या हातात आहे. करेवावर ताण निसर्गच देतो, त्याला व्यवस्थापन कसं म्हणायचं.

म्हणून माझा क्रम वेगळा आहे, कोणाला उलटा वाटेल. आधी साठवण, शेततळं किंवा टाकी, काहीही, बर्फ-पावसाचं पाणी अडवणारं. मग झाडाखाली गवताचं आच्छादन. मग ठिबक. कंपनीचा माणूस ठिबक आधी विकेल, पण झराच आटला तर नळ्यांतून हवाच टपकणार.

आणि दाट लागवडीचं जरा सबुरीने घ्यायला सांगा. बुटकी झाडं येतात ती खुंटामुळे, जर्मनीत गीसन विद्यापीठात तयार झालेली जिसेला मालिका प्रसिद्ध आहे, तिच्यातल्या जिसेला ५ वर झाड लहान राहतं, फळ लवकर धरतं, तोडणी सोपी, सगळं खरं. पण मुळं उथळ, त्यांना नियमित पाणी लागतं. बियांवरची जुनी उंच झाडं मुळं खोल सोडतात, शिडी लावून तोडावी लागतात, कोरडं वर्ष मात्र त्यातल्या त्यात काढतात. महालेब नावाचा खुंट कोरड्याला चांगला, पण पाणी साचलं की खलास. पाण्याची पक्की सोय होण्याआधी सगळी जुनी झाडं तोडणं मला तरी धोक्याचं वाटतं, एका तुकड्यात करून बघा म्हणावं.

प्रश्न : चेरी आणल्यावर धुऊन फ्रीजमध्ये ठेवायच्या की तशाच? आमच्याकडे यावरून रोज वाद! — सासूबाई आणि सूनबाई, खारघर

उत्तर : दोघींपैकी जी "तशाच" म्हणते तिचं बरोबर. सालीतून पाणी आत शिरायला झाडच लागतं असं नाही, धुऊन ओल्या ठेवल्या तर डब्यातही मऊ पडतात आणि बुरशी धरते. खायच्या वेळी धुवा. देठ तोडू नका, तोडलं की तिथे जखम होते. घेताना देठ बघून घ्या, तोडल्यावर पाणी सगळ्यात आधी देठातून उडतं, म्हणून हिरवा ताठ देठ म्हणजे ताजा माल आणि तपकिरी वाळका म्हणजे बरेच दिवस फिरलेला, भाव करताना कामाला येतं. कागद अंथरलेल्या डब्यात, झाकण लावून, फ्रीजच्या सगळ्यात थंड कप्प्यात ठेवा. २०२५ च्या जूनपासून जम्मूकडच्या कटऱ्याहून रेल्वेनेही चेरी मुंबईकडे यायला लागल्यात, तेव्हा देठ हिरवे असलेले बॉक्स आता जास्त दिसायला हवेत, दिसले नाहीत तर मला कळवा.